विंडोज दहाची अकरा केल्यापासून डोंगल घेत नाही, प्रिंटर दोन दिसतात, कीबोर्ड मधेच बदलतो. आज सातवा दिवस, काय करू?

पत्रिकावाली_कळवा:

नमस्कार मंडळी, खूप वैतागून लिहितेय, मोठं होईल, सांभाळून घ्या.

मी कळव्यात घरूनच डीटीपीचं काम करते, लग्नाच्या, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका, मधेमधे सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. तुळशीचं लग्न लागलं की माझा सीझन सुरू होतो आणि नेमकं त्याच आठवड्यात मी हे करून बसले. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आता सिक्युरिटी अपडेट येणार नाहीत, हे वाचून वाचून भीतीच बसली होती, कारण बँकेचे व्यवहार पण याच कॉम्प्युटरवर. म्हणून ओळखीतल्या एका रिपेअरिंगवाल्या मुलाला बोलावलं, त्याने संध्याकाळी सहाला अपग्रेड लावलं आणि नऊला "ताई झालं सगळं" म्हणून गेला. फाइली जागच्या जागी होत्या, माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसले तर माझं जुनं मराठी सॉफ्टवेअर उघडेना. त्याला यूएसबीचं डोंगल लागतं (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडतच नाही, किल्लीसारखं), त्यावर एक बारीक लाल दिवा आहे, तो पेटतच नाही. चारही पोर्टला लावून झालं. 2011 पासूनच्या पत्रिका त्याच सॉफ्टवेअरमध्ये, त्यांच्याच फॉन्टमध्ये आहेत, दुसरीकडे उघडलं की नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. थोरल्या मुलीची पत्रिका माझ्याकडून नेलेले लोक धाकट्याच्या वेळी येतात आणि "तीच काढा, नावं बदला" म्हणतात, माझा अर्धा धंदा तोच आहे हो.

प्रिंटर आता दोन दिसतात, एक जुन्या नावाचा आणि एक त्याच नावापुढे "कॉपी 1" लिहिलेला. मी नेहमीसारखं प्रिंट दिलं आणि ते गेलं कॉपीवाल्याला, त्याच्यात जाड कार्डाचं सेटिंगच नव्हतं, साधा कागद धरून छापलं, शाई बसली नाही आणि बोट लावलं की पसरायला लागली. 34 शीट गेल्या, चंदेरी कागद होता, माझ्या पदरचा.

आणि कीबोर्ड. मी इनस्क्रिप्टवाली आहे, म्हणजे भारतीय भाषांचा तो ठरलेला कीबोर्ड लेआउट, बोटांना सवय आहे, बघावं लागत नाही. आता "आमच्या येथे श्री कृपेकरून" टाइप करत असते आणि "कृपे" पर्यंत मराठी, पुढे इंग्रजी! मी खाली कागदाकडे बघून टाइप करते, वर बघेपर्यंत दोन ओळी वाया. दिवसातून वीसेक वेळा तरी होतं.

बाकी राइट क्लिकचा मेनू बदलला, खालची पट्टी मधे गेली वगैरे आहेच. मंगळवारी 250 पत्रिका द्यायच्यात. परत दहावर जाऊ का? जाता येतं का? की फॉरमॅट मारून पहिल्यापासून टाकू? माझा मुलगा म्हणतो फॉरमॅटच करूया. मला धीर होत नाही.

नौपाडा_जुना:

ताई, फॉरमॅट अजिबात करू नका. आधी हे वाचा, बाकी सगळं नंतर.

अपग्रेड केल्यावर जुनी विंडोज लगेच पुसली जात नाही, सी ड्राइव्हमध्ये "विंडोज डॉट ओल्ड" नावाच्या फोल्डरमध्ये पडून असते आणि 10 दिवस परत जाता येतं. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, तिथे "गो बॅक" बटण आहे. 10 दिवस झाले की ते फोल्डर आपोआप जातं आणि बटण बंद. तुमचा सातवा दिवस आहे म्हणजे तीन दिवस हातात आहेत. डिस्क क्लीनअप चालवू नका, जागा भरली म्हणून "प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन" वर टिक करून लोक उडवतात आणि मग रडतात. फॉरमॅट केलं तर हा रस्ता कायमचा बंद.

ही मुदत 60 दिवसांपर्यंत वाढवता पण येते. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एका ओळीची कमांड द्यावी लागते, त्या रिपेअरिंगवाल्या मुलाला "सेट ओएस अनइन्स्टॉल विंडो" एवढं सांगा, त्याला सापडेल. पण ती 10 दिवसांच्या आतच द्यायला हवी. आजच द्या. म्हणजे मंगळवारचं काम निघेपर्यंत डोक्यावर टांगती तलवार नको.

आता डोंगल. मी तीन सोसायट्यांच्या ऑफिसचे कॉम्प्युटर बघतो, एका ठिकाणी अकाउंटिंगच्या डोंगलचं सेम झालं होतं. डोंगल मेलेलं नसतं, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते विंडोजशी जोडणारा छोटा प्रोग्रॅम, जुना असतो. विंडोज 11 मध्ये कोअर आयसोलेशन म्हणून भाग आहे, त्यात मेमरी इंटिग्रिटी चालू असेल तर जुन्या पद्धतीने लिहिलेले ड्रायव्हर ते आत घेतच नाही. हा बग नाही, मुद्दाम केलेली तटबंदी आहे, कारण सदोष ड्रायव्हरमधून व्हायरस थेट सिस्टीमच्या मुळाशी पोचतात. विंडोज सिक्युरिटी उघडा, डिव्हाइस सिक्युरिटीत बघा. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतोय का ते पण बघा.

सगळे सांगतील मेमरी इंटिग्रिटी बंद करा. मंगळवारपुरतं अडलंच तर बंद करून रीस्टार्ट करा, पण कायमचं ठेवू नका, तुमचं बँकेचं काम त्याच्यावर आहे. खरा उपाय म्हणजे डोंगलचा नवा ड्रायव्हर. सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन करून विंडोज 11 चा ड्रायव्हर मागा. मिळाला की डोंगल काढून ठेवा, जुना ड्रायव्हर अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, नवा इन्स्टॉल, परत रीस्टार्ट, आणि मगच डोंगल लावा. डोंगल लावलेलं असताना ड्रायव्हर टाकला की पुष्कळदा अर्धवट बसतो.

घणसोली_टायपिंग:

कीबोर्डचं मी सांगते, कारण मी पण इनस्क्रिप्ट आणि माझं पण हेच झालं होतं, वेड लागायची पाळी आली होती.

डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं की भाषा बदलते, ही विंडोजची जुनी शॉर्टकट आहे. आपण इनस्क्रिप्टवाले शिफ्ट सारखं दाबतो, "दुसऱ्या" मधला ऱ्या काढायचा तरी शिफ्ट जे, मग डी, मग य. आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट शिफ्ट धरून आकार ओढायची सवय. झालं, भाषा बदलली आणि कळलंच नाही. तुम्ही दहावर ती शॉर्टकट कधीतरी बंद केली असेल आणि अपग्रेडमध्ये परत चालू झाली असेल. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथे इनपुट लँग्वेज हॉट कीज. उघडून "नॉट असाइन्ड" करा. विंडोज की आणि स्पेसबार दाबून भाषा बदलतेच, ती पुरे.

तिथेच भाषांची यादी पण बघा. माझ्याकडे इंग्लिश यूएस, इंग्लिश इंडिया, हिंदी आणि मराठी असे चार झाले होते, मराठीतच इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन. मी इंग्लिश एक आणि मराठी इनस्क्रिप्ट एक एवढंच ठेवलं, बाकी काढून टाकलं. दोनच असले की चुकायला जागाच नाही.

अजून एक, फॉरमॅटबद्दल. माझ्याकडे फॉरमॅट मारूनच टाकलं होतं आणि मंगल फॉन्टच गायब! शाळेच्या सगळ्या प्रश्नपत्रिका मंगलमध्ये, उघडल्या तर दुसऱ्याच फॉन्टमध्ये, ओळी सरकल्या, दोन पानांची तीन पानं झाली. मला वाटलं फाइली बिघडल्या. काही नाही, मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे आता वेगळे घ्यावे लागतात, सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्समध्ये "देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स" आहे, नेट चालू ठेवून ॲड केलं, पाच मिनिटांत पानं होती तशी. पण ते कळेपर्यंत दोन रात्री मी हाताने ओळी जुळवत बसले होते.

वर्तकनगर_नाका:

माझं मत वेगळं आहे. ज्याचं पोट कॉम्प्युटरवर आहे त्याने सीझनमध्ये प्रयोग करू नये. ताई सरळ मागे जा. दहावर पण सपोर्ट संपल्यानंतर सिक्युरिटी अपडेट मिळतात, एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स म्हणून योजना आहे, घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या की पैसे पण पडत नाहीत, विंडोज अपडेटच्या पानावरच नाव नोंदवायची लिंक येते. लग्नसराई आटपली की मे संपल्यावर निवांत अकरावर या, तोवर डोंगलचा ड्रायव्हर पण हाताशी असेल.

नौपाडा_जुना:

मुद्दा बरोबर आहे, फक्त मागे जाताना अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअर जातात आणि बदललेल्या सेटिंग्ज पण. फाइली राहतात, तरी 2011 पासूनचं सगळं आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. मी आधी डोंगल करून बघीन, एका दिवसात नाही जमलं तर मागे. आजच्या आज उडी नको.

ऐरोली_ट्रान्सहार्बर:

काहीही करायच्या आधी एक गोष्ट बघा, ती कोणी बोललं नाही. तुमचा कॉम्प्युटर कोणाच्या अकाउंटवर चालू आहे?

माझ्या बहिणीचा लॅपटॉप असाच एकाने करून दिला, तिच्याकडे ईमेल पासवर्ड आठवेना म्हणून त्याने स्वतःच्या ईमेलने लॉगिन केलं आणि नंतर बदलू म्हणाला. डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणं, आपोआप चालू झालेलं, कोणाला पत्ता नाही. तीन आठवड्यांनी बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं आणि निळा स्क्रीन, 48 आकडी रिकव्हरी की मागतोय. ती की त्या माणसाच्या अकाउंटमध्ये, आणि तो गावाला गेलेला, फोन लागेना. बहिणीचा प्रोजेक्ट आत. चार दिवस मी घणसोली, ठाणे, परत ऐरोली असा लॅपटॉप घेऊन लोकलने फिरलो, प्रत्येक दुकानात एकच उत्तर, की नसेल तर फॉरमॅट. शेवटी तो गावाहून परतला, त्याने आकडे वाचून दाखवले, मी कागदावर उतरवून घेतले, दोनदा ताडून बघितले. तो कागद आता रेशनकार्डाच्या पाकिटात आहे.

सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, युअर इन्फो बघा, ईमेल तुमचाच हवा. मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत डिव्हाइस एन्क्रिप्शन. चालू असेल तर ते 48 आकडे कागदावर लिहून ठेवा, कॉम्प्युटरमध्ये सेव्ह करू नका, तिथे उपयोग नाही.

पत्रिकावाली_कळवा:

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक करत गेले तसं सांगते, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

ऐरोलीचे दादा, तुमचं वाचून पहिलं तेच बघितलं आणि हात गार पडले. अकाउंट त्या रिपेअरिंगवाल्या मुलाचंच होतं! एन्क्रिप्शन पण चालू. त्याला फोन केला, रागावले नाही, पण समोर बसवून माझ्या ईमेलवर करून घेतलं आणि आकडे लिहून घेतले. त्याला पण हे माहीत नव्हतं, आता तो बाकीच्यांकडे जाऊन बदलतो म्हणाला. तो होता तेव्हाच मुदत 60 दिवस करून घेतली.

ऑल्ट शिफ्टचंच होतं. बंद केल्यापासून एकदाही मधेच इंग्रजी आलेलं नाही. काल "ज्येष्ठ चिरंजीव" पासून "आहेर आणू नये" पर्यंत एका दमात टाइप केलं.

प्रिंटरचं मीच शोधलं. प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये खाली "लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर" चालू होतं, म्हणजे शेवटी वापरलेला प्रिंटर तेच डिफॉल्ट धरतं. ते बंद केलं, कॉपी 1 काढून टाकला, जुना डिफॉल्ट केला, जाड कार्डाचं सेटिंग परत भरलं. पहिली शीट साध्या कागदावर, दुसरी कार्डावर, अंगठा घासून बघितला, पसरली नाही.

डोंगलला दोन दिवस गेले. सॉफ्टवेअरवाल्यांचा फोन पहिल्या दिवशी लागलाच नाही, दुसऱ्या दिवशी लागला, त्यांनी ड्रायव्हर मेल केला. नौपाड्याच्या काकांनी सांगितलं त्याच क्रमाने केलं, डोंगल शेवटी लावलं आणि तो लाल दिवा लागला. मेमरी इंटिग्रिटी चालूच आहे. 2011 ची पहिली फाइल उघडून बघितली, एकही अक्षर हललेलं नाही.

वर्तकनगरचे दादा, तुमचं म्हणणं पटलं होतं, सोमवारी सकाळपर्यंत दिवा लागला नसता तर मागेच जाणार होते. 250 मंगळवारी दुपारी गेल्या.

एकच राहिलंय, स्कॅनर अजून दिसत नाही. मशीन एकच आहे, प्रिंट होतं पण स्कॅन नाही. देवाचे फोटो स्कॅन करून लागतात लोकांना. कोणाला माहितीये का?

नौपाडा_जुना:

प्रिंटचा आणि स्कॅनचा ड्रायव्हर वेगळा असतो ताई. प्रिंटरच्या कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचं पूर्ण पॅकेज घ्या, विंडोज आपणहून टाकतं त्यात पुष्कळदा स्कॅनचा भाग नसतो. मॉडेल नंबर इथे टाका, मी बघतो.