विषय: यंदाची देणगी आणि मुलांचा तोरा-वर्ग

प्रेषक: सुहास (चिटणीस)
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या कार्यक्रमानंतर उरलेली रक्कम कुणाला द्यायची, हे रविवारच्या सभेत ठरवायचं आहे. आतापर्यंत दोन नावं पुढे आली आहेत. एक नेहमीचं, आपल्या गावातली फूड बँक. दुसरं म्हणजे आपल्यातल्या बेने इस्राएल (मराठी यहुदी) मुलांचा हिब्रू आणि तोरा, म्हणजे यहुद्यांचा मूळ धर्मग्रंथ, शिकण्याचा वर्ग. शिक्षिकेचं मानधन देणं जमत नसल्याने तो बंद पडायच्या बेतात आहे. एस्थरमावशींनी मदत मागितलेली नाही. फराळाच्या वेळी बोलता बोलता हे कळलं आणि मीच ते यादीत घातलं. मोकळेपणाने मत कळवा.

सुहास

---

प्रेषक: मीनल

सुहास, एस्थरमावशी,

मावशी, राग मानू नका, पण मनात आलं ते लिहिते. आमच्या घरातला एक पगार उन्हाळ्यात गेला. ओळखीत आणखीही काहींचं तसंच झालंय. किराणा घेताना भाव बघून वस्तू परत ठेवायची वेळ येते. अशा वर्षी धार्मिक शिक्षणाला पैसे द्यायचे, हे कितपत बरोबर? आधी पोट नको का? शिवाय आज तोरा-वर्गाला दिले, तर उद्या कुणी वेदपाठशाळेला मागेल, परवा कुणी आणखी कशाला. मंडळाने यात पडावं का?

मला खरंच समजून घ्यायचंय.

मीनल

---

प्रेषक: एस्थर
प्रति: मीनल, सर्व सभासद

प्रिय मीनल,

राग कसला? तुझा प्रश्न आमच्याकडे फार जुना आहे. ‘पिर्के आवोथ’ हा जुन्या गुरूंच्या वचनांचा छोटासा संग्रह. त्यात रब्बी, म्हणजे धर्मगुरू, एलाझार बेन अझर्या सुमारे १९०० वर्षांपूर्वी म्हणून गेले: पीठ नाही तर तोरा नाही, तोरा नाही तर पीठ नाही. उपाशी पोरगं धडा घेऊ शकत नाही, हे त्यांना तुझ्याइतकंच ठाऊक होतं. पण वाक्याचा दुसरा अर्धा भागही त्यांनी त्याच दमात सांगितला.

मंडळाच्या निधीचं आधी सांगते. तो सगळा फूड बँकेला जाऊ दे, माझा आग्रह आहे. आमच्या धर्मशास्त्रात दानाचा क्रम ठरलेला आहे: आधी आपलं घर, मग आपल्या गावचे गरीब, मग परगावचे. किती द्यायचं तेही सांगितलंय. मिळकतीचा दहावा हिस्सा द्यावा आणि कितीही उदार झालं तरी पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. देणाऱ्यावरच उद्या मागायची पाळी येऊ नये म्हणून ही मर्यादा. ज्याचा पगार गेला त्याने आधी स्वतःचं घर सांभाळायचं. त्यामुळे मीनल, तू मनावर कसलंही ओझं घेऊ नकोस.

आता तोरेसाठी का द्यायचं ते. मैमोनिदेस, म्हणजे आमचे रामबाम, १२ व्या शतकात कैरोलगतच्या फुस्तातमध्ये राहत. तोरेतले सगळे नियम एका ग्रंथात विषयवार लावून ठेवणारा हा माणूस. त्यांचा धाकटा भाऊ डेव्हिड जवाहिरांचा व्यापारी होता. डेव्हिडने बाजार बघायचा आणि थोरल्याने अभ्यास करायचा, अशी घरातली व्यवस्था. डेव्हिडने थोरल्या भावाला लिहिलेलं एक पत्र कैरोच्या जुन्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, सापडलं, ते आता केंब्रिजला आहे. तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून तो कळवतो, की तांड्यापासून तुटून वाळवंट ओलांडलं, इथे निळीखेरीज घेण्यासारखं काही मिळालं नाही, म्हणून आता हिंदुस्थानकडे निघतो, काळजी करू नका. हिंदी महासागराने पुढे डेव्हिडला गिळलं. त्याच्याबरोबर घरचा पैसा गेला आणि लोकांचाही. मागे बायको आणि लहान मुलगी राहिली. रामबाम वर्षभर अंथरुणाला खिळले. बऱ्याच वर्षांनी एका पत्रात त्यांनी लिहिलं, की तो बाजारात कमवायचा म्हणून मी निर्धास्त बसू शकायचो. नंतर पोटासाठी त्यांनी वैद्यकी धरली, थेट सुलतानाच्या दरबारापर्यंत. दिवसभर रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळात लिहायचं.

अशा व्यवस्थेला आमच्याकडे इस्साखार आणि झेबुलून या दोन भावांचं उदाहरण देतात. झेबुलूनने व्यापार करायचा, इस्साखारने शिकायचं आणि पुण्य दोघांनी वाटून घ्यायचं. तोरेत मोशे आशीर्वाद देतो, त्यात झेबुलूनचं, म्हणजे कमावणाऱ्याचं, नाव आधी येतं.

याच रामबामनी उतारवयात फ्रान्समधल्या ल्युनेलच्या रब्बींना लिहिलं, की हिंदुस्थानातल्या यहुद्यांना शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, आणि सुंता यांपलीकडे तोरेचं काही ठाऊक नाही. ते यहुदी म्हणजे आम्हीच, असं बरेच अभ्यासक मानतात. मला ते वाक्य लागतं, कारण ते खरं आहे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून वाचलेल्यांचे आम्ही वंशज, अशी आमची परंपरा. ग्रंथ हाती राहिला नाही. घाणा चालवायचा, शनिवारी तो बंद ठेवायचा, म्हणून गावाने आम्हाला शनिवार तेली म्हटलं. देव एकच आहे असं सांगणारी शेमाची प्रार्थना तेवढी तोंडी राहिली. सण राहिले, पण नावं मराठी झाली: खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. बिरड्याच्या रोजाला यरुशलेमच्या मंदिरासाठी उपास करायचा, हे कळायला आम्हाला शिक्षक मिळावे लागले.

शिक्षक फुकट येत नाहीत. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, शाआर हारहमीम. ते कंपनीच्या फौजेतले अंमलदार. पुढे कोचीनहून प्रार्थना चालवणारे हज्जान आणि शिक्षक आले. वर्गणी काढणारे आमचे लोक शिपाई, सुतार, कारकून होते, शेठसावकार नव्हते. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी मुंबईत शाळा काढली. तिचे मुख्याध्यापक जोसेफ इझिकिएल राजपूरकर हे आमच्यातले, आणि त्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे पेसाखच्या सणाला वाचायची पोथी, छापली गेली. तिच्या चित्रांत बायका लुगडी नेसून पेसाखच्या भाकऱ्या करताहेत. मी लहानपणी त्या चित्रांवरून बोट फिरवायची. १८७५ साली हाईम सामुएल केहिमकरांनी मुंबईत इस्राएली शाळा सुरू केली आणि लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने तिला पैसे पाठवले. त्या लोकांनी आम्हाला कधी बघितलंही नव्हतं. पुढे सर एली कदूरींच्या देणगीने ती उभी राहिली आणि माझगावात त्यांच्याच नावाने चालली.

मीनल, माझ्या आजीला हिब्रू अक्षर येत नव्हतं, माझ्या आईला येत होतं. मधल्या काळात कुणीतरी कुठेतरी पैसे दिले होते. भाकरीची मदत त्या दिवसाचं पोट भरते आणि ती थांबवता येत नाही. पण शिकवणं एक पिढी थांबलं तर पुढच्या पिढीला काय थांबलं हेही कळत नाही. आम्ही त्यातून गेलेलो आहोत. म्हणून वाईट वर्षातही मी हा वर्ग यादीत शेवटी टाकायला तयार नाही.

आणखी एक. तोरेच्या नावावर दानावर बसून खाणं रामबामना मुळीच मान्य नव्हतं, फार कडक शब्दांत लिहिलंय त्यांनी. नंतरचे मोठे धर्मशास्त्री योसेफ कारो यांनी पुढे त्यांच्याशी मतभेद नोंदवला आणि चाल कारोंच्याच मताची पडली. पण दानाच्या आठ पायऱ्या सांगताना रामबाम सगळ्यात वरची जागा देतात ती माणसाला काम, कर्ज किंवा भागीदारी देऊन स्वतःच्या पायावर उभं करण्याला. आमच्या वर्गाची शिक्षिका वसंत ऋतूपासून बेकार आहे. तिला शिकवण्याचं मानधन मिळालं तर तिच्या घरी पीठ येईल आणि मुलांना धडा मिळेल. ज्यांना जमेल त्यांनी खाजगीत द्यावं, मंडळाच्या पैशातून नको.

तुझी,
एस्थरमावशी

---

प्रेषक: वसंतकाका

एस्थरताई, मीनल,

माझे वडील पुण्यात वार लावून जेवून शिकले. सोमवार एका वाड्यात, मंगळवार दुसऱ्या. शुक्रवारच्या घरी तेव्हा स्वतःचीच ओढाताण होती, पण पान मांडलेलं असायचं, हे ते शेवटपर्यंत सांगत. ती माउली श्रीमंत असती तर त्यांनी कदाचित इतकी आठवण काढली नसती. माझे दरमहा वीस डॉलर धरा. वर्षभर देईन.

वसंत

---

प्रेषक: एस्थर

वसंतराव, डोळे भरून आले. पोलंड-लिथुआनियातल्या येशिवांमध्ये हुबेहूब हेच चालायचं. येशिवा म्हणजे तोरा शिकण्याची पाठशाळा. तिथल्या मुलांना आठवड्याचे ‘दिवस’ वाटून दिलेले असत, रोज वेगळ्या घरी जेवण. एखादा दिवस रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास. १८०३ साली व्होलोझिनला येशिवा सुरू करणारे रब्बी हाईम यांना शिकणाऱ्याने दारोदार जेवणं कमीपणाचं वाटलं. त्यांनी गावोगाव माणसं पाठवून निधी जमवला आणि मुलांना खर्चाला पैसे देऊ लागले. शिकणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा विचार मला फार मोठा वाटतो. आमच्या शिक्षिकेच्या बाबतीतही एवढंच सांभाळू या.

एस्थर

---

प्रेषक: मीनल

मावशी,

डेव्हिडचं पत्र वाचून रात्री बराच वेळ झोप लागली नाही. मंडळाचा निधी फूड बँकेला जाणार म्हटल्यावर माझी हरकत उरत नाही. वर्गाला यंदा पैसे देणं मला जमणार नाही, पण माझं छपाईचं काम चालू आहे. मुलांच्या वह्या आणि प्रार्थनेची मराठी-हिब्रू पानं मी बिनपैशाने करून देईन. चालेल का? आणि माझी मुलगी विचारते, वर्गात मराठी कीर्तन होतं का? तिने ऐकलंय की तुमच्याकडे अब्राहाम आणि योसेफ यांच्यावर कीर्तनं आहेत.

मीनल

---

प्रेषक: एस्थर

चालेल का म्हणजे काय! धावेल. पानांचा मजकूर उद्या पाठवते, स्वरचिन्हं नीट उमटताहेत ना एवढं बघ. कीर्तनं आहेत, १९ व्या शतकापासूनची, साकी-दिंडी सगळं त्यात आहे. महिन्यातून एकदा आम्ही म्हणतो. लेकीला पुढच्या रविवारी चार वाजता पाठव, पेटी वाजवणारं कुणी सापडलं तर फारच बरं.

मावशी

---

प्रेषक: सुहास (चिटणीस)

मंडळी,

सभेत मांडायचा ठराव असा: दिवाळीची संपूर्ण शिल्लक फूड बँकेला. वर्गासाठी ज्यांना द्यायचं असेल त्यांनी थेट खजिनदारांकडे द्यावं. कुणी किती दिलं याची यादी या वेळी मेलवर येणार नाही आणि शिक्षिकेलाही ती कळणार नाही, एस्थरमावशींची तशी इच्छा आहे. मानधन दर महिन्याच्या एक तारखेला जाईल. पेटी माझ्याकडे आहे, दोन सूर दाबले जात नाहीत. दुरुस्त करणारं कुणी ओळखीचं असेल तर कळवा.

सुहास