सुरुंगात पाय गेलेला भाऊ उधमपूरच्या कमांड हॉस्पिटलमध्ये आहे. सोबत राहणाऱ्याने नेमकं काय बघायचं?

माणदेशी_वाट:
नमस्कार मंडळी. लष्करात असलेल्या धाकट्या भावाचा नियंत्रण रेषेजवळ सुरुंगावर पाय पडला, डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. श्रीनगरच्या ९२ बेस हॉस्पिटलमधून आता उधमपूरला हलवलंय. मी आणि वडील आळीपाळीने जाऊन राहणार. जखम उघडीच ठेवलीय, टाके घातलेले नाहीत. हे बरोबर आहे का? आम्ही हाताने काय करू शकतो? आणि पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला (लष्कराचं कृत्रिम पाय बसवायचं केंद्र) कधी आणता येईल?

ड्रेसिंगट्रॉली:
दादा, जखम उघडी ठेवलीय म्हणजे हयगय नाही, उलट नियमाने चाललंय. सुरुंगाचा स्फोट माती, बुटाचे तुकडे, मोज्याचे धागे स्नायूंच्या थरांमधून वरपर्यंत घुसवतो. वरून जेवढं दिसतं त्याहून आतली घाण वर गेलेली असते. लगेच शिवलं तर ती आत कोंडते आणि पू होतो, गॅस गँगरीनही होऊ शकतो. म्हणून दोन-तीनदा थिएटरमध्ये नेऊन मेलेलं मांस काढतात, धुतात आणि सगळं स्वच्छ दिसल्यावरच शिवतात. चार-सहा दिवस लागतात, कधी जास्त. तोवर वास, ताप, ड्रेसिंगबाहेर पसरणारी लाली यातलं काही वाढलं तर सिस्टरना लगेच सांगा, राउंडची वाट बघू नका.

आता सोबत राहणाऱ्याची सर्वांत मोठी चूक. मायेपोटी गुडघ्याखाली उशी देतात. देऊ नका. बरं वाटतं म्हणून पेशंटही मागतो, पण दोन-तीन आठवडे गुडघा वाकलेला राहिला की मागचे स्नायू आखडतात. दहा-पंधरा अंशांचा बाक सॉकेट (कृत्रिम पायाचा वरचा पोकळ भाग, ज्यात उरलेला पाय बसतो) तिरका बसवून सांभाळता येतो, पंचवीसच्या पुढे गेला की पाय बसवणाऱ्याचे हात बांधले जातात. व्हीलचेअरवर ठूंठ (कापल्यावर उरलेला पाय) खाली लोंबकळत ठेवू नका, मांडीखालून पुढे येणारी फळी मागून घ्या. सर्जननी परवानगी दिली की दिवसातून दोन-तीनदा वीस-तीस मिनिटं पालथं झोपवा. ठूंठाखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा.

अजून एक. रात्री झोपेत लघवीला उठताना पाय आहे असं समजून तो उतरेल. ऐन भरत आलेलं ठूंठ जमिनीवर आपटतं, टाके उसवतात, पुन्हा थिएटर. पॉट हाताशी ठेवा आणि गेलेल्या पायाच्या बाजूला पलंगाला खुर्ची लावून टाका.

सॉकेट_आणि_मोजे:
पट्टीबद्दल मी लिहितो, कारण पुण्यात येणाऱ्या निम्म्या ठूंठांचा आकार पट्टीनेच बिघडलेला असतो.

टाके निघाले आणि सर्जननी हो म्हटलं की चार इंची क्रेप बँडेज, बहुतेकदा दोन लागतात. गोल गोल गुंडाळायचं नाही. तिरके वेढे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे. टोकाशी घट्ट, वर जाताना सैल. गुडघ्याच्या वर एक वेढा अडकवायचा म्हणजे पट्टी घसरत नाही. वाटी उघडी ठेवायची म्हणजे गुडघा हलतो. गोल वेढा पडला की तिथे दोर आवळल्यासारखं होतं, टोकाला रक्त साचून फुगा धरतो आणि तो फुगा सॉकेटमध्ये शिरत नाही. चार-पाच तासांनी सोडून परत बांधा, रात्रीसुद्धा ठेवा. शेवट चिकटपट्टीने बंद करा, पिन नको. धुतल्यावर बँडेज दोरीवर टांगू नका, ओलं बँडेज स्वतःच्या वजनाने ताणून ढिलं पडतं. सावलीत आडवं पसरा.

पुण्याला कधी? जखम पूर्ण भरून, खपली जाऊन, सूज स्थिर झाली की. साधारण दीड-दोन महिने धरा, स्फोटाच्या जखमेला बऱ्याचदा जास्त. ठराविक जागी पेनाने खूण करून टेपने घेर मोजत जा, सकाळ-संध्याकाळ. आकडा हलायचा थांबला की समजायचं. पाठवणं सर्जनच्या हातात असतं, तुमच्या अर्जाने तारीख अलीकडे येत नाही.

पहिला कृत्रिम पाय कायमचा नसतो हे भावाला आधीच सांगून ठेवा. ठूंठ आटतं, सॉकेट सैल होतो, ठूंठावर घालायचे मोजे वाढवावे लागतात. मोज्यांचे थर फारच वाढले की नवा सॉकेट. कृत्रिम पाय काढून ठेवल्यावर आरशात ठूंठाचा तळ बघायचा. लाली दहा-वीस मिनिटांत गेली तर ठीक. नडगीच्या टोकावर किंवा बाहेरच्या बारीक हाडाच्या डोक्यावर टिकून राहिली तर पाय घालणं थांबवा आणि दाखवा.

माणदेशी_वाट:
खूप आभार. काल तो म्हणाला, नसलेल्या पायाचा अंगठा पिळवटतोय. वडील घाबरलेत, डोक्यावर परिणाम झाला का विचारतात.

ड्रेसिंगट्रॉली:
वडिलांना सांगा, डोकं जागेवर आहे. मेंदूतला पायाचा नकाशा तसाच राहतो, कापलेल्या नसा त्याला खबरा पाठवत राहतात. साध्या वेदनाशामकाने हे फारसं हटत नाही, डॉक्टर नसांवरची वेगळी औषधं देतात. म्हणून 'दुखतंय' एवढंच न सांगता 'नसलेला अंगठा पिळवटतोय' असंच सांगा. फिजिओना आरशाबद्दल विचारा: दोन पायांच्या मध्ये आरसा उभा करून चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघत अंगठा हलवायचा, पंधरा मिनिटं. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, पण खर्च शून्य. ठूंठावर एकाच जागी टिचकी मारल्यावर करंट बसतो का, तेही बघा. तो नसेच्या गाठीचा प्रकार, त्याचा इलाज वेगळा.

फाइल_नंबर_७:
कागदांचं कुणीच लिहिलं नाही. युनिटकडे विचारा, पार्ट टू ऑर्डरमध्ये (युनिटची अधिकृत नोंद) 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईच्या कामातली इजा) लागली का 'फिजिकल' (इतर इजा). पुढे बाहेर पडावं लागलं तर वॉर इंज्युरी पेन्शनचा हिशेब यावरच होतो. नोकरीत राहताही येतं, पाय गेलेले कितीतरी जवान खालच्या मेडिकल कॅटेगरीत काम करतायत. तेव्हा कुणी घाईने कशावर सही मागितली तर आधी वाचा.

आणि कान! स्फोटात पडदा फाटतो, पण पायाच्या गडबडीत तिकडे लक्ष जात नाही. टीव्ही मोठा लावतोय का, एका बाजूने हाक ऐकू येत नाही का, बघा. तपासणी करून कागदावर नोंद आत्ताच घ्या. मेडिकल बोर्डात पायाचा आणि कानाचा विचार वेगळा होतो, दोन वर्षांनी 'तेव्हापासूनच कमी ऐकू येतंय' म्हणून पटवणं अवघड जातं.

जाता जाता: आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. निघायच्या आधी एक नंबर पोस्टपेड करून घ्या, नाहीतर जम्मूला उतरल्यावर वॉर्डात फोनही लावता येणार नाही.