प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेह शिक्षकाचे स्वतंत्र पद हवे का?

मलप्रभाकाठ (धागालेखिका): कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील दवाखान्यांत मी मधुमेहाच्या रुग्णांना शिकवण्याचे काम करते. एनसीडी (मधुमेह, रक्तदाब अशा असंसर्गजन्य आजारांच्या) कार्यक्रमातील समुपदेशकाचे पद सामुदायिक आरोग्य केंद्राच्या क्लिनिकपाशी थांबते. त्याखाली, प्राथमिक आरोग्य केंद्रात, तपासणी होते, गोळ्या मिळतात, पण शिकवायला कोणी नसते. तेथे पूर्णवेळ पद हवे, असे माझे ठाम मत आहे.

गेल्या पावसाळ्यात एक मावशी आल्या. २० युनिट इन्सुलिन घेऊनही त्यांची उपाशीपोटीची शुगर २५० च्या खाली येत नव्हती आणि डोस वाढवण्याचे जवळजवळ ठरले होते. मी त्यांना माझ्यासमोर इंजेक्शन भरायला सांगितले. बाटली ४० युनिटची, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट असलेली होती आणि सिरिंज नारिंगी टोपणाची, म्हणजे मिलीलीटरला १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीची. त्यामुळे २० च्या रेघेपर्यंत भरूनही अंगात ८ च युनिट जात होते. डॉक्टरांनी डोस नव्याने ठरवला आणि मी लाल टोपणाच्या, म्हणजे ४० युनिटच्या, सिरिंजने तीनदा भरून घेतले. यात पाऊण तास गेला, ज्याला नोंदवहीत रकानाच नाही.

निपाणीचा निवृत्त वैद्यकीय अधिकारी: ताई, आपल्या कामाविषयी मला आदर आहे, तरीही स्वतंत्र पदाला माझा विरोध आहे. असे पद निर्माण झाले की डॉक्टर आणि नर्स ‘ते त्यांचे काम’ म्हणून मोकळे होतात, हे मी इतर कार्यक्रमांत पाहिले आहे. शिवाय आशा कार्यकर्ती थेट चुलीपर्यंत पोहोचते, ताटात भात किती आणि भाकरी किती हे तिला दिसते. तिलाच नीट शिकवावे आणि त्याचा वेगळा मोबदला द्यावा.

मलप्रभाकाठ: डॉक्टर, आपली पहिली भीती खरी आहे. पण गरोदर बायका, लसीकरण आणि सर्वेक्षण सांभाळून, कामागणिक पैसे मिळणाऱ्या आशेने हा पाऊण तास कोठून काढायचा? आमचा तालुका भाताचा आहे. ‘भात सोडा’ एवढे सांगून भागत नाही, वाटी हातात घेऊन प्रमाण दाखवावे लागते, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवावे लागते.

चिकोडीहून, एका रुग्णाचा मुलगा: पद कोणाचेही असो, शिकवणाऱ्याला कन्नड आणि मराठी दोन्ही आले पाहिजे. माझे वडील मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. इन्सुलिनचे पत्रक त्यांना कन्नडमध्ये मिळाले आणि ते देवघराच्या फळीवर तसेच पडून राहिले. जेथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात ही तरतूद जुनीच आहे. ती औषधाच्या कागदापर्यंत का पोहोचू नये?

निपाणीचा निवृत्त वैद्यकीय अधिकारी: भाषेची अट मला पूर्ण मान्य आहे, पदाविषयीचे मत मात्र कायम आहे. पण ताई, तो रकाना नोंदवहीत यायलाच हवा, मग शिकवणारी आशा असो, नर्स असो किंवा आपण.