उच्छ्वास : आत घेतलेला की बाहेर सोडलेला?

प्रश्न (म्हापशाहून)

प्राणायामाच्या वर्गासाठी छोटं मराठी पत्रक लिहिते आहे. वर्गाला येणारी बहुतेक मंडळी साठीच्या पुढची, त्यामुळे शब्द चुकून चालणार नाही. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात प्राकृत, म्हणजे न बिघडलेल्या, वायूची कामं सांगताना 'उत्साहोच्छ्वासनिःश्वास...' अशी ओळ येते. इथेच अडले. मराठीत उच्छ्वास सोडतात आणि निःश्वासही सोडतात, मग श्वास आत घेणं या ओळीत कुठे गेलं? आणि आत घेण्याच्या क्रियेला एकच नेमका शब्द वापरायचा झाला तर कोणता?

उत्तर (फोंड्याहून)

ताई, त्या ओळीत आत घेणं आहेच. तिथे ते काम 'उच्छ्वास' हा शब्द करतो आणि 'निःश्वास' म्हणजे बाहेर सोडणं. आपला गोंधळ होतो, कारण मराठीनं जोडी बदलली. आपण 'श्वासोच्छ्वास' म्हणतो, म्हणजे श्वास अधिक उच्छ्वास. आत जाण्याची बाजू श्वासाकडे गेल्यावर उच्छ्वासाला बाहेरची बाजू उरली. शाळेच्या पुस्तकांतही हीच वाटणी आहे आणि आजच्या मराठीत तीच बरोबर.

मुळात श्वस् या धातूला दिशा नाही. दिशा उपसर्गांवर सोपवलेली, आणि उपसर्गांचं परंपरांमध्ये एकमत नाही. पतंजलीच्या योगसूत्रात (2.49) 'श्वासप्रश्वासयोर्गतिविच्छेदः प्राणायामः' असं आहे. त्यावरची जुनी टीका, व्यासभाष्य, सांगते, 'बाह्यस्य वायोराचमनं श्वासः', बाहेरच्या वायूचं आचमन म्हणजे श्वास, आणि कोठ्यातला वायू बाहेर काढणं म्हणजे प्रश्वास. आचमन हा शब्द मला फार आवडतो. संध्येला बसून पळीनं पाणी घेतलेल्या माणसाला तो लगेच कळतो: थोडं, सावकाश, लक्ष देऊन. श्वास कसा घ्यायचा हेच भाष्यकारानं एका शब्दात सांगितलंय.

पालीत तर हा वाद उघडच नोंदवलेला आहे. अस्सास आणि पस्सास ही तिथली जोडी. बुद्धघोष या बौद्ध आचार्याच्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात म्हटलंय की विनयाच्या (भिक्षूंच्या नियमांच्या) अट्ठकथेनुसार, म्हणजे टीकेनुसार, अस्सास म्हणजे बाहेर जाणारा वारा आणि पस्सास म्हणजे आत येणारा, पण सुत्तांच्या (बुद्धाच्या उपदेशांच्या) अट्ठकथांत नेमकं उलट. बुद्धघोष पाचव्या शतकातला. म्हणजे तुमची शंका किमान दीड हजार वर्षं जुनी आहे आणि ती विचारणं अगदी रास्त आहे.

हठयोगानं हा घोळ मुळातूनच टाळला. पूरक, कुंभक, रेचक. पूरक म्हणजे भरणारा, कुंभक म्हणजे रोखून धरणं, रेचक म्हणजे रिकामा करणारा. आयुर्वेदातल्या विरेचनात हाच रिच् धातू आहे. भरणं आणि रिकामं करणं यांत उलटसुलट व्हायला जागाच नाही. गीतेत 'अपाने जुह्वति प्राणं' (4.29) याचा अर्थ लावताना शंकराचार्यांनीही पूरक आणि रेचक हेच शब्द घेतले. तुमच्या पत्रकात एकच शब्द हवा असेल तर पूरक लिहा.

मात्र 'श्वास' हे नुसतं नाम आत घेण्यासाठी वापरताना जपा. आयुर्वेदात श्वास हे रोगाचंही नाव आहे. महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र असे त्याचे पाच प्रकार. जुन्या वैद्याच्या चिठ्ठीत 'श्वास' लिहिलेलं दिसलं तर ती तक्रार असते.

आणखी एक (डिचोलीहून)

वरचं पटलं. घरातलं एक सांगतो. आमच्याकडे कोंकणीत 'उस्वास' म्हणतात आणि तो घेतातही, सोडतातही: 'उस्वास घेवप', 'उस्वास सोडप'. शब्द उच्छ्वासावरूनच आलेला, पण त्याला दिशा चिकटली नाही. त्याचाच मराठी भाऊ 'उसासा' मात्र नेहमी टाकला जातो, आणि तोही दुःखाचा. त्यामुळे घरी कोंकणी आणि शाळेत मराठी अशा आमच्या मुलांना 'उच्छ्वास घेतला' यात चूक दिसत नाही. त्यांना रागावू नये, एवढंच सांगावं की मराठीत तो सोडतात.

गाणं शिकवणाऱ्या एकीकडून (मडगावहून)

'दमसास' राहिला की! दम फारसीतला, त्याचा अर्थ श्वासच. सास हा श्वासाचाच बदललेला उच्चार. कागदपत्रासारखाच हा जोडशब्द: एक शब्द बाहेरचा, एक इथला, अर्थ तोच. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, दोघी जयपूर-अत्रौली घराण्याच्या. त्या गायकीबद्दल बोलताना दमसास हा शब्द आल्यावाचून राहत नाही. ऐकणाऱ्याला लांबलचक तान दिसते. शिकणाऱ्याला आधी शिकावं लागतं ते श्वास कुठे घ्यायचा, तोही सम न हलता, आवाज न करता. मी मुलींना 'दम भरून घे' म्हणते. 'श्वास घे' म्हटलं की खांदे वर जातात, 'भरून घे' म्हटलं की पोटाकडून घेतात.

पुन्हा फोंड्याहून

बाईंचं 'भरून घे' फार मोलाचं आहे, कारण पूरक म्हणजे तेच. मराठीत दिशा नामात शोधूच नये, ती क्रियापदात असते. श्वास घेतात, ओढतात, भरतात, सोडतात, टाकतात, रोखतात, कोंडतात. दम खातात, झुरका मारतात, तपकीर ओढतात, फूल हुंगतात. यातलं प्रत्येक क्रियापद श्वासाची वेगळी रीत सांगतं. 'ओढणे' यात जोर आहे, म्हणून दम्याच्या पावडरच्या इनहेलरबद्दल सांगताना ते योग्य, फवाऱ्याच्या पंपाबद्दल नाही. ज्येष्ठांच्या प्राणायामात ते नको, 'घ्या' पुरे.

'सोडणे' हेही किती नेमकं आहे बघा. शांत बसलेलो असताना श्वास घ्यायला स्नायूंना काम करावं लागतं. श्वासपटल आकुंचन पावून खाली जातं, फासळ्या वर उचलल्या जातात. बाहेर टाकायला वेगळं काम नसतं, स्नायू सैल पडले की हवा आपोआप निघते. म्हणून एक घ्यावा लागतो आणि दुसरा नुसता सोडायचा असतो.

तेव्हा ताई, पत्रकात मी असं लिहीन: 'पूरक : नाकाने सावकाश श्वास घ्या. रेचक : घाई न करता श्वास सोडा.' संस्कृत ओळ द्यायचीच असेल तर तिच्याखाली छापा की इथे उच्छ्वास म्हणजे आत घेणे. उच्छ्वास हा शब्द सूचनांमध्ये मात्र कुठेही नको. वर्गात कोणी आयुर्वेद वाचलेलं असेल, कोणी शाळेतलं विज्ञान, आणि एकाच शब्दावर एक जण घेईल तर दुसरा सोडेल.