मुलाला स्वाइन फ्लू निघालाय, चवथीला (गणेश चतुर्थीला) मूळ घरी सांगायचं की गप्प बसायचं?

डिचोलीची_आई

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितेय, पण दोन रात्री झोप नाही आणि घरात कुणाशी बोलायची सोय राहिलेली नाही म्हणून इथे लिहिते.

माझा मुलगा नऊ वर्षांचा. रविवारी रात्री एकदम १०३ ताप, अंग दुखतंय म्हणून रडायला लागला. त्याला लहानपणापासून दमा आहे, त्यामुळे सोमवारी सकाळीच डॉक्टरकडे नेलं, त्यांनी घशातला नमुना घेतला आणि रिपोर्टची वाट न बघता ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध सुरू केलं. काल रिपोर्ट आला, एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लूच. आज सकाळपासून ताप नाही, पेज जेवला, खोकला आहे अजून. म्हणजे देवाच्या कृपेने त्याचं ठीक आहे.

आता खरी गोष्ट. परवा शनिवारी चवथ. आमचं मूळ घर सत्तरीत, वाळपईच्या पुढे, सगळे भाऊबंद मिळून पस्तीस-चाळीस माणसं, रात्री चौकात आणि वसरीत अंथरुणाला अंथरूण लावून झोपतात. त्यात थोरल्या काकी ८१ वर्षांच्या, डायबेटिस आहे, आणि धाकटी जाऊ सात महिन्यांची गरोदर. सासूबाई म्हणतात की ताप उतरलाय ना, मग चवथीच्या तोंडावर कशाला ते नाव काढायचं, सर्दी झाली होती म्हणून सांग आणि चल. मिस्टर म्हणतात तू ठरव.

मलाही सांगायची भीती वाटतेय, खोटं नाही बोलत. कारण काल रिपोर्टचं कळल्यापासून आमच्या बिल्डिंगमध्ये काय चाललंय बघा. समोरच्यांनी जिन्यावरून जाताना तोंड फिरवलं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने लिहिलं की ज्यांच्या घरात आहे त्यांचं नाव जाहीर करा, दुसऱ्याने लिहिलं की असल्या पालकांमुळेच रोग पसरतो. असल्या पालकांमुळे म्हणजे काय? मी त्याला ताप आल्यापासून एक दिवस शाळेत पाठवलेला नाही. इथे अनोळखी माणसं असं बोलतात, तर भाऊबंदांत काय होईल? पुढची दहा वर्षं चवथीला मीच "ती फ्लू घेऊन आली होती ती" होणार. काय करू?

निवृत्त_सिस्टर_फोंडा

बाय, आधी तू जरा बस आणि पाणी पी. मी आरोग्य केंद्रांत ३१ वर्षं काढलीत म्हणून सांगते, मुलाचं तू सगळं बरोबर केलंस. हे औषध पहिल्या ४८ तासांत मिळालं तर जास्त उपयोगी पडतं, आणि दमा असलेल्या मुलाला तुमच्या डॉक्टरनी रिपोर्टसाठी थांबवलं नाही हे फारच चांगलं केलं. पाच दिवसांचा कोर्स पुरा कर, ताप गेला म्हणून मध्येच सोडू नकोस.

आता जायचं का, तर नाही. मुलाला घेऊन तर नाहीच. मोठ्या माणसाकडून साधारण लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पाच-सात दिवस लागण होऊ शकते, मुलांकडून त्याहून जास्त दिवस. शनिवारी त्याचा सहावा-सातवा दिवस असेल. आणि तुम्ही दोघं त्याच्याजवळ झोपताय, लागण झाल्यावर ताप यायला एक ते चार दिवस जातात, म्हणजे तुमच्यातलं कुणीतरी आत्ता बरं दिसत असेल आणि शनिवारी आरतीत खोकायला लागेल. त्याच चौकात ८१ वर्षांची मधुमेही बाई आणि सात महिन्यांची गरोदर पोर. फ्लू जिथे जीवावर बेततो तीच ही माणसं, म्हातारी, गरोदर, लहान बाळं, दमा-साखर-हृदयविकारवाली.

आणि सांगायचं का, तर हो, आजच सांग. का ते सांगते. २००९ ची साथ होती तेव्हा आमच्या केंद्राच्या हद्दीत एका घराने सुनेचा ताप लपवला, गरोदर होती. त्यांना वाटलं आरोग्यवाले मास्क लावून गाडी घेऊन येतील, वाड्यावर बोभाटा होईल, कोण घरात पाऊल टाकणार नाही. पाचव्या दिवशी धाप लागली तेव्हा आणली. ती वाचली, बाळ नाही वाचलं. तिची सासू नंतर माझ्यासमोर बसून म्हणाली, सिस्टर, लोक काय म्हणतील याचाच विचार केला मी. ती बाई वाईट नव्हती गो, घाबरलेली होती. म्हणून त्या ग्रुपवर नावं मागणाऱ्यांचा मला राग येतो, त्यांच्या तसल्या बोलण्यामुळेच लोक आजार दडवून ठेवतात आणि मग उशिरा येतात.

जावेला तू स्वतः फोन कर. तिला ताप किंवा घसा काही वाटलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

काणकोणकार

सिस्टरांचा मान राखून वेगळं मत मांडतो. दर पावसाळ्यात हा ताप येतो, माझ्या लहानपणीही यायचा, तेव्हा कुणी तपासत नव्हतं एवढंच. आई धणे-जिरे-आल्याचा कषाय करून द्यायची, चार दिवस पेज आणि लोणचं, पाचव्या दिवशी शाळा. कोविडनंतर लोकांच्या मनात इतकी भीती बसलीय की कोण शिंकलं तरी माणसं खुर्ची सरकवतात, आणि चवथ म्हणजे आम्हा गोंयकारांना वर्षातून एकदाच सगळं घर एकत्र बघायला मिळतं. कोविडच्या दोन वर्षांत माझा मोठा भाऊ दुबईतून येऊ शकला नाही आणि तिसऱ्या वर्षी तो राहिला नाही. म्हणून मला चवथ चुकवणं फार मोठी गोष्ट वाटते. पोराचा ताप उतरलाय, मास्क लावून दुरून दर्शन घ्या, एवढं तरी करू द्या त्यांना.

निवृत्त_सिस्टर_फोंडा

काणकोणकार, भावाचं वाचून वाईट वाटलं हो. कषाय मीही घेते, घशाला बरं वाटतं, त्याने व्हायरस जात नाही पण त्याला माझी ना नाही. तुमचं अर्धं बरोबरही आहे, बहुतेकांना हा फ्लू घरीच बरा होतो, सरकारी नियमही तेच सांगतात. रुग्णांचे अ, ब, क असे गट केलेले आहेत, साधा ताप-खोकला असेल तर तपासणीही नको, औषधही नको, फक्त घरी बसा आणि एक-दोन दिवस लक्ष ठेवा. पण "घरी बसा" हे त्यातलं औषध आहे, तेच लोक वगळतात.

आणि एक सगळ्यांसाठी. आपल्याकडे या दिवसांत डेंग्यू आणि लेप्टोही (उंदीर-गुरांच्या मुतातून चिखलपाण्यात पसरणारा ताप) असतो. नाक-घसा-खोकला काहीच नाही आणि नुसता जोरदार ताप, डोळ्यांमागे दुखणं, शेतात चिखलात उतरलेला माणूस, असलं काही असेल तर "फ्लूच असेल" म्हणून घरी ठेवू नका. तापाला पॅरासिटामॉल, मुलांना अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. श्वास जोरात चालू झाला, ओठ निळसर, मूल सुस्त पडलं, किंवा ताप उतरून दोन दिवसांनी परत चढला तर १०८ लावा.

पुण्याहून_मडगावात

मी २००९ ला पुण्यात शिकायला होतो. ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, एक चौदा वर्षांची शाळकरी मुलगी, आणि दुसऱ्या दिवसापासून शहर ओळखू येईना. नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीच्या रांगा, ज्यांना काही नव्हतं तेही रांगेत, खरा आजारी आणि घाबरलेला एकमेकांना खेटून उभे, तासन्‌तास. मास्क मिळेना म्हणून मुली ओढण्या आणि आम्ही रुमाल बांधून फिरायचो, रुमालात कापूर-वेलचीची पुरचुंडी, कुणी म्हणे निलगिरी लावा. शाळा-कॉलेजं, थिएटरं बंद. त्या वर्षी गणपती २३ ऑगस्टला होते म्हणजे अगदी ऐन साथीत.

मला ताप आला तेव्हा रूम-पार्टनरने माझी गादी बाल्कनीत टाकली आणि तो निघून गेला. साधाच ताप होता, तीन दिवसांत गेला, पण तो गादी टाकतानाचा आवाज अजून आठवतो. माझ्या खानावळीच्या काकू मात्र रोज डबा दाराबाहेर ठेवायच्या आणि जिन्यात खाली उभ्या राहून ओरडायच्या, जेवलास का रे, किती ताप आहे? लांब त्याही राहिल्या, बारा पायऱ्या खाली. डिचोलीची_आई, मला वाटतं तुमचे भाऊबंद या काकूंसारखे निघतील, त्यांना तशी संधी तरी द्या. तुम्ही लपवलंत आणि नंतर कळलं, तर मात्र बोलतील आणि त्यांचं चुकणार नाही.

आमची पणजी, म्हणजे पणजोबांची बायको, वेंगुर्ल्याकडची, ती १९१८ च्या फ्लूच्या साथीला मानमोडी म्हणायची. जूनमध्ये मुंबईत सुरू झाली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परत आली ती भयंकर, देशात एक-दीड कोटीच्या वर माणसं गेली असा अंदाज करतात. पणजी सांगायची की तेव्हा एका घरात चूल पेटली नाही की शेजारीण भाताचं मडकं उंबऱ्याबाहेर ठेवायची. नावं मागणारे ग्रुप नव्हते.

म्हापशाची_दुकानदारीण

विषय जरा वेगळा पण सांगते. मी बाजारात मसाल्याचं दुकान चालवते, माझ्या बाजूला एक बाय चोरीस (डुकराच्या मांसाचे सॉसेज) विकते, तीन पिढ्यांचा धंदा. परवापासून लोक तिच्याकडे येऊन विचारतात हे खाल्लं तर स्वाइन फ्लू होतो का, आणि न घेता जातात. एकजण तर तिला म्हणाला, बंद कर थोडे दिवस. ती बिचारी संध्याकाळी रडत होती, ऑगस्ट-सप्टेंबरात आधीच बाजार थंड. हो, मला माहीत आहे की डुकराचं मांस खाऊन हा फ्लू होत नाही, माणसाच्या खोकल्या-शिंकेतून होतो. २००९ मध्ये इजिप्तने देशातली सगळी डुकरं मारायचा हुकूम काढला, लाखो जनावरं गेली, ज्यांचं पोट त्यावर होतं ते लोक उघड्यावर पडले आणि साथ काही थांबली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही तेव्हा ते "स्वाइन" नाव वापरायचं सोडून एच१एन१ म्हणायला सुरुवात केली होती. मी दुकानावर हे चार लोकांना रोज सांगते, तुम्हीही सांगा.

पेडण्याची_बाई

मी शिक्षिका आहे. ग्रुपवर नाव मागणाऱ्यांना आमच्या शाळेत आम्ही एकच उत्तर देतो, नाव मिळणार नाही, वर्गात फ्लू आहे एवढी सूचना सगळ्यांना मिळेल, ताप असलेल्याला घरी ठेवा. तुम्ही मुख्याध्यापिकांना भेटून तसं सांगायला लावा. आणि पूर्ण हजेरीचं बक्षीस आम्ही या वर्षी काढून टाकलं, कारण पोरं त्या बक्षिसासाठी पॅरासिटामॉल घेऊन शाळेत यायची, अकरा वाजता परत ताप चढायचा. आईबाप दोघं इंडस्ट्रियल इस्टेटला, सुट्टी घेतली तर दिवस कापतात, त्यांना दोष कसा देऊ?

डिचोलीची_आई

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. सिस्टर, तुमचं ते त्या गरोदर सुनेच्या सासूचं वाचून मी फोन मिस्टरांच्या हातात दिला, त्यांनी वाचला आणि तसाच उठून गॅलरीत जाऊन काकांना लावला. स्पीकरवर होता. काका आधी गप्पच झाले, मला वाटलं आता बोलणार. मग म्हणाले, पोर जेवतं का? आणि मग म्हणाले काकींना आतल्या खोलीत ठेवतो आम्ही, आरतीला मुंबईची पोरं येतायत त्यांनाही विचारतो कुणाला ताप आहे का.

जावेला मी लावला. ती म्हणाली वहिनी, माझ्या भावाकडे गेल्या आठवड्यात दोघांना ताप होता आणि मी बोलले नव्हते, मला वाटलं मला येऊ देणार नाहीत. तिला घसा वगैरे काही नाही, तरी उद्या सकाळी डॉक्टरकडे जातेय.

सासूबाई अजून बोलत नाहीत माझ्याशी. पण मघाशी बघितलं तर नेवऱ्यांचं (करंज्यांचं) सारण त्यांनी दोन डब्यांत वेगवेगळं भरलंय, एक मूळ घरी जाणारा आणि एक इथला. त्या आठ दिवसांपासून फोंड्याला नणंदेकडेच होत्या, आज दुपारी फक्त सामान घ्यायला आल्या आणि मुलाच्या खोलीत गेल्या नाहीत, सिस्टर, त्या मूळ घरी गेल्या तर चालेल ना? आणि मिस्टरांना संध्याकाळपासून घसा खवखवतोय, म्हणजे ते नाहीतच.

निवृत्त_सिस्टर_फोंडा

खोलीत गेल्या नसतील, मास्क होता आणि पटकन बाहेर पडल्या असतील तर जाऊ दे, पण ताप-खोकला काही वाटलं तर तिथे लगेच वेगळं झोपायचं हे सांगून ठेव. आणि काकींच्या सेवेला त्यांना बसवू नका या वेळी. मिस्टरांचा ताप सकाळ-संध्याकाळ बघ, वयाने पन्नाशीच्या आत आणि बाकी काही आजार नसेल तर घाबरायचं कारण नाही, वेगळं झोपव. तुमची लस झालेली नसेल तर पुढच्या वर्षी एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आधी घ्या सगळ्यांनी, दर वर्षी घ्यावी लागते ती आणि अंगात लागू पडायला दोन आठवडे जातात. काकींना तर नक्की द्या.

काणकोणकार

डिचोलीची_आई, मूळ घरच्या कुणा पोराला सांगा आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावून फोन माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांखाली धरायला. आरतीतल्या घुमट वाद्याचा आवाज नीट येतो, भाऊ दुबईला असताना आम्ही पहिल्या वर्षी तसंच केलं होतं.