‘वेदरिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रतापनगर, नागपूर
फावल्या वेळात मी विमानांच्या प्रतिकृती जोडतो. सध्या टेबलावर १/७२ मापाचं डाकोटा आहे. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा २९ मीटर, माझ्याचा जेमतेम ४० सेंटिमीटर. १९४९ साली रात्रीची विमानटपाल सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली डाकोटा विमानं मध्यरात्री आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परतायची. त्यातलंच एक करतोय. नुसतं रंगवलेलं विमान कोरं करकरीत, खेळण्यासारखं दिसतं. ते वापरातलं दिसावं म्हणून वरून जे सोपस्कार करतात, ते वेदरिंग. मुलीच्या वर्गात हे मराठीतून सांगायचं आहे. मला ‘गंजवणं’ सुचलं होतं.

महाल
भाऊ, काऊन पोरांना चुकीचं शिकवून राह्यले? डाकोटाचं अंग अल्युमिनियमचं. त्याला लोखंडासारखा तांबडा गंज धरत नाही, फक्त चमक जाऊन ते भुरकट पडते. आणि आपल्याकडे गंज म्हणजे पातेलं. जर्मनचा, म्हणजे अल्युमिनियमचा, गंज गंजत नाही, हे घरच्या ओट्यावर रोज दिसते. तांबूस-तपकिरी रंग द्यायचाच असेल तर इंजिनाच्या धुराच्या पोलादी नळीला द्या, तिथं शोभते.

वर्धा
शाळेच्या भूगोलात याला ‘विदारण’ म्हणतात. कायिक विदारण, रासायनिक विदारण. तयार शब्द आहे, तोच घ्यावा.

महाल
ते खडकाचं, सर. ऊन-पाण्यानं खडक फुटते ते विदारण. विमानाचं विदारण झालं तर बातमी होईल.

धरमपेठ
मला आधी ‘रापवणे’ फार आवडला होता. उन्हातान्हात राबून चेहरा रापतो, तसं विमान रापलेलं. मग लक्षात आलं की रापणं म्हणजे काळवंडणं, आणि रंग उन्हात नेमका उलटा वागतो, फिका पडतो. त्याला आपण ‘विटणे’ म्हणतो. विटकं लुगडं, विटका शर्ट. युद्धकाळातल्या हिरव्या रंगाच्या डाकोटाला तो शब्द चपखल बसेल. तुमचं चकचकीत धातूचं असेल तर तिथं विटायला रंगच नाही. शिवाय मध्यरात्री येऊन परतणाऱ्या विमानानं नागपूरचं ऊन पाहिलंच कुठं?

खरं सांगायचं तर मला एकच शब्द शोधणं पटत नाही. इंग्रजीनं सगळं एका पोत्यात भरलं आहे, आपल्याकडे कारणागणिक वेगळा शब्द आहे. पंखाच्या पुढच्या कडेचा रंग बारीक बारीक उडून खालची धातू दिसते, तो ‘टवका’. कपबशीचा उडतो तोच. लोक त्याला ‘पोपडे’ म्हणतात ते चूक. पोपडा ओल धरलेल्या भिंतीचा, आतून फुगून सुटतो. टवक्यासाठी चंदेरी रंगावर पाण्याचा हात फिरवून मिठाचे खडे टाकतात, वरून रंग मारतात आणि वाळल्यावर मीठ खरवडतात. इंजिनामागचे तेलाचे ते ‘ओघळ’. डाकोटाची चौदा सिलिंडरची इंजिनं तेल गाळण्यात उदार होती, तेव्हा हात आखडता घेऊ नका. मात्र ओघळ वाऱ्याच्या दिशेनं मागे जायला हवेत. सरळ खाली ओढलेले ओघळ उभ्या विमानाचे असतात, उडणाऱ्याचे नाही.

धुराच्या डागाला ‘काजळी’ म्हणता येईल, पण त्या शब्दाबद्दल थोडी कुरकूर आहे. काजळी म्हटलं की हात आपोआप काळ्या रंगाकडे जातो. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्यामुळे धुराचा पट्टा पुष्कळदा राखाडी पडायचा. कंदिलाच्या काचेसारखं काळंकुट्ट करू नका.

वर्धा
मग सगळ्यासाठी मिळून ‘अवकळा आणणे’?

धरमपेठ
अवकळा हेळसांडीनं येते, सर. हे विमान रोज रात्री उडत होतं, त्याची निगा राखली जात होती. वापरलेलं आणि टाकून दिलेलं यात फरक आहे. बरेच हौशी लोक नेमके तिथंच चुकतात आणि भंगारातलं विमान करून ठेवतात.

महाल
माझी आई लोणच्याला म्हणते तो शब्द घ्या ना: मुरवणं. पातळ केलेला काळपट रंग पत्र्याच्या सांध्यांत सोडता, तो तिथं मुरतेच. आणि बरीच वर्षं उडलेल्या वैमानिकाला आपण मुरलेलाच म्हणतो.

प्रतापनगर, नागपूर
हा घेतो. वर्गात सांगताना टवके, ओघळ आणि विटणं वेगवेगळं दाखवीन. सगळ्या कामाचं नाव मुरवणं. एक अडचण राहिली. काल सांध्यांत पातळ तेलरंग सोडला. उन्हाळ्यात अ‍ॅक्रिलिक फवारलं की कूलरसमोर हवेतच वाळून दाणेदार बसतं, पण तेलरंगाला घाई नाही. चार दिवस तरी विमानाला हात लावता येणार नाही. आईला सांगितलं, मुरत ठेवलंय. तिनं वरून फडकं बांधलं.