पर्ल जॅम १९९५ ला लाइव्ह संपले होते? काहीही!

ठाणेकर_ग्रंज: काल एकाने ठोकून दिलंय की पर्ल जॅम हा अमेरिकन रॉक बँड १९९४ नंतर लाइव्ह म्हणून संपला, तिकिटं विकणाऱ्या तिकीटमास्टर कंपनीशी भांडायच्या नादात पब्लिकला वाऱ्यावर सोडलं आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधून गायक एडी व्हेडर सात गाणी म्हणून पळाला. वाचून झोप उडाली राव. अरे त्याचं पोट बिघडलेलं, सकाळी हॉस्पिटलात होता, तरी आला स्टेजवर, आणि नाहीच जमलं तेव्हा जुना रॉक गायक नील यंगने याच बँडला घेऊन शो पुढे नेला. हे २४ जून १९९५ चं. ११ जुलैला शिकागोत सोल्जर फील्ड स्टेडियमवर हेच लोक अडीच तासांच्या वर वाजवतायत. १९९४ चा अटलांटाचा शो ऐका, जो रेडिओवर लाइव्ह गेला होता, आणि मग सोल्जर फील्ड ऐका. पहिल्यात नुसता वेग आहे, दुसऱ्यात गाणी मुरलीयत. संपलेला बँड म्हणे!

कोथरूडचा_काटा: ती पोस्ट माझीच. पळाला तो पळालाच. आजारी होता, ठीक, पण दुसऱ्या दिवशी उरलेली अख्खी टूर रद्द केली त्याचं काय? नंतर मिलवॉकी आणि शिकागो परत लावले म्हणून हार घालायचे का? त्याआधी सॉल्ट लेक पावसात गेलं, सॅन डिएगोचं जागेवरून घोंगडं भिजत पडलं. तिकीट वीस डॉलरच्या आत आणि सर्व्हिस चार्ज १ डॉलर ८० सेंटच्या वर नको, बँडचा हट्ट छानच, पण मोठे हॉल सगळे तिकीटमास्टरच्या कराराने बांधलेले, मग टूर सुरू कुठे करणार, तर वायोमिंगमधल्या छोट्याशा कॅस्परला!

ढोलकी_नाका: तिकीट राहू दे बाजूला. ऑगस्ट १९९४ ला ड्रमर डेव्ह अ‍ॅब्रुझीझला काढला तिथेच लाइव्हचा जीव गेला. त्याच्या जागी आलेला जॅक आयर्न्स सभ्य माणूस आहे, पण सभ्य ड्रमर काय करायचाय?

ठाणेकर_ग्रंज: त्या सभ्य माणसानेच एडीकडे डेमो टेप पोचवली होती, म्हणून तर एडी बँडमध्ये आला. नाहीतर बसला असतास ढोलकी बडवत.

डोंबिवली_लोकल: तुम्ही ड्रमर धरून बसा. हा बँड १९९४ ला जे ओरडून सांगत होता ते आपल्याला कोल्डप्ले नेरूळला आल्यावर कळलं. मी, बायको, मेव्हणा, तिघं तीन फोन घेऊन बसलेलो, रांगेतला नंबर लाखांत, आणि थोड्या वेळाने तीच तिकिटं भलतीकडे पाचपट भावात. नाव घेत नाही, सगळ्यांना माहितीय.

कोथरूडचा_काटा: कोल्डप्ले कुठून आणलंत मध्येच?

डोंबिवली_लोकल: मध्येच नाही, मुद्दा तोच आहे! बँडचे स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंट जून १९९४ ला तिकीटमास्टरविरुद्ध अमेरिकन काँग्रेसपुढे साक्ष द्यायला बसले. आपल्याकडचा एक कलाकार दाखवा प्रेक्षकाच्या तिकिटासाठी तोंड उघडणारा. सेल्फी काढतील फक्त.

कोथरूडचा_काटा: आणि निष्पन्न काय झालं? जुलै १९९५ ला अमेरिकन न्याय खात्याने तिकीटमास्टरची चौकशी गुंडाळली, १९९८ ला बँड परत त्याच दारात.

डोंबिवली_लोकल: आणि मे २०२४ ला त्याच न्याय खात्याने त्याच कंपनीवर खटला भरला. तीस वर्षांनी का होईना, पोरं बरोबर होती. तुम्हाला पुण्यात बसून सगळं फुकट मिळतं वाटतं.

कोथरूडचा_काटा: पुण्यावर आलात म्हणजे मुद्दे संपले.

शिकागोकर_मावशी: भांडा, पण मी होते सोल्जर फील्डला. तेव्हा शिकत होते, रूममेटने ओढून नेलं. उकाडा असा की अर्धा वेळ पाणी शोधण्यात गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून शहरात ती जीवघेणी लाट आली, सातशेच्या वर माणसं गेली, त्यामुळे तो आठवडा विसरणं शक्यच नाही. आम्ही मागे होतो, तिथे आवाज फाटत होता, बूटलेगवर, म्हणजे चोरून केलेल्या रेकॉर्डिंगवर, ऐकता तसा स्वच्छ अजिबात नव्हता. पण माणसं हलत नव्हती जागची. आजारी बिजारी काही वाटला नाही तो मुलगा.

ठाणेकर_ग्रंज: घ्या! साक्षीदार!

कोथरूडचा_काटा: साक्षीदार सांगतायत आवाज फाटत होता, ते सोयीस्कर गाळा. बरं चला, शिकागो तुमचं, मावशींच्या वयाचा मान म्हणून. सॅन फ्रान्सिस्कोला तिकीट काढून सात गाण्यांवर घरी गेलेल्यांची यादी करा, त्यांना समजवा गाणी कशी मुरलीयत ते.

शिकागोकर_मावशी: वय काढू नका.

ढोलकी_नाका: अ‍ॅब्रुझीझचं कोणी बोलणारे का?